ॲनिमेशन शॉर्ट फिल्मची पटकथा कशी बांधायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात मराठीतून लिहिणाऱ्या आणि ॲनिमेशन करू पाहणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. कोणी गावच्या उत्सवातल्या नाटकांसाठी लिहितं, कोणी चित्रकला शिकतं, कोणी शाळेत शिकवतं आणि मुलांना घेऊन काही करू पाहतं. प्रत्येक उत्तर सुटं वाचलं तरी कळावं असं लिहिलं आहे. जे दुसरीकडे सविस्तर आलंय, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ॲनिमेशनसाठी वेगळी पटकथा कशाला? साध्या शॉर्ट फिल्मची असते तशीच चालणार नाही का?

कागदावर ती बरीचशी तशीच दिसते. फरक आहे तो कामाच्या क्रमात. कॅमेऱ्याने शूट करताना एकच प्रसंग चार बाजूंनी टिपून ठेवता येतो आणि नको ते संकलनात गाळता येतं. कित्येक फिल्मची खरी बांधणी संकलकाच्या टेबलावरच सापडते. ॲनिमेशनमध्ये पडद्यावर जे दिसतं ते सगळं कोणीतरी काढलेलं किंवा हलवलेलं असतं. सेकंदाला २४ फ्रेम्स, म्हणजे स्थिर चौकटी, लागतात. हाताने काढताना एकेक चित्र दोन-दोन फ्रेम्स धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं होतात, म्हणजे मिनिटाला ७२०. रोज २० नीट चित्रं काढणाऱ्या माणसाला एका मिनिटासाठी ३६ दिवस लागतात. त्यातला दहा सेकंदांचा तुकडा शेवटी कापावा लागला, तर सहा दिवसांची मेहनत गेली.

म्हणून इथे संकलन आधी होतं आणि चित्रं नंतर. कुठला प्रसंग राहणार, किती वेळ राहणार, कशानंतर येणार, हे चित्रं काढायला बसण्यापूर्वी ठरलेलं हवं. खालची बहुतेक उत्तरं या एका गोष्टीतून आली आहेत.

२. फिल्म किती मिनिटांची असावी? इफ्फीला पाठवायची असेल तर?

ऑस्करच्या नियमात श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतची फिल्म शॉर्ट मानतात. पहिल्या फिल्मसाठी मात्र तीन ते पाच मिनिटांच्या पुढे जाऊ नका. त्या लांबीत एक गोष्ट पुरी सांगता येते आणि दोन-तीन माणसांना ती पुरी करताही येते.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून गोव्यात होतो, त्यामुळे इथे प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तोच असतो. पण ॲनिमेशनवाल्यांनी मिफ्फकडे, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाकडेही लक्ष ठेवावं. तो महोत्सव १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशन यांच्यासाठीच भरतो. महोत्सवाचे नियम त्या-त्या वर्षीच्या पत्रकात वाचायचे. लिहितानाच सांभाळण्यासारख्या गोष्टी दोन: श्रेयनामावलीचे सेकंद लांबीत धरा, आणि दुसऱ्याचं गाणं पटकथेत घालू नका. हक्क मिळाले नाहीत तर त्या गाण्यावर उभा असलेला प्रसंगच कोसळतो.

३. "एक पान म्हणजे एक मिनिट" हा हिशेब मराठी पटकथेला लागू पडतो का?

नाही. तो हिशेब इंग्रजी पटकथेच्या ठरलेल्या मांडणीवर, १२ पॉइंटच्या कुरिअर टाइपावर बेतलेला आहे. देवनागरीत टाइप बदलला की पानावर मावणारा मजकूर बदलतो. शिवाय ॲनिमेशनमध्ये "वादळ येतं" ही दोन शब्दांची ओळ पडद्यावर वीस सेकंद खाऊ शकते.

घड्याळ लावा. मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे. प्रत्येक कृती स्वतः उठून करून बघा: दार उघडा, वाका, उचला, वळा. संवाद मोठ्याने म्हणा, मनात नको, कारण मनात आपण फार भरभर वाचतो. आलेले सेकंद समासात लिहा आणि शेवटी बेरीज करा. चार मिनिटांची वाटलेली गोष्ट बहुतेक वेळा सहा-सातची निघते, आणि ते इथेच कळलेलं बरं.

४. माझ्याकडे छान कल्पना आहे, पण तिची गोष्ट होत नाही. अडतंय कुठे?

बहुधा तुमच्याकडे विषय आहे. "फेरीबोटीवर फिल्म करायचीय", "खाजनाच्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) बांधावर काहीतरी", "नरकासुराचे पुतळे करणारी मुलं". हे सगळे सुंदर विषय आहेत आणि एकही गोष्ट नाही. चार प्रश्न विचारा: कोणाला काय हवंय? ते का मिळत नाही? मग तो किंवा ती काय करते? शेवटी काय बदललेलं *दिसतं*? चौथ्या प्रश्नातला शेवटचा शब्द महत्त्वाचा आहे. "तिला नात्यांचं मोल कळतं" हे काढता येत नाही.

एक गोष्ट रचून घेऊ, पुढेही ती उपयोगी पडेल. चवथीची आदली संध्याकाळ. गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांची टांगती आरास, बांधली जातेय. सुपारीचा घोस, नारळ, चिबूड, आंबाडे सगळं आलंय, फक्त कवंडळ नाही. नात ते आणायला कुळागरापलीकडच्या (पोफळी-नारळीच्या बागेपलीकडच्या) रानात जाते. वेलीवर एकच लालभडक फळ उरलंय आणि एक बुलबुल तेच खातोय. ती ते मिळवते, पण त्याला चोच लागलेली आहे. उष्टं फळ देवाला कसं चालेल?

एका वाक्यात: नातीला माटोळीसाठी शेवटचं कवंडळ हवंय, पण पाखराने ते आधीच उष्टं केलंय. असं एक वाक्य तुमच्या गोष्टीचं होत नसेल तर पुढे लिहू नका, इथेच थांबून विचार करा.

५. तीन अंक लागतातच का? चार मिनिटांत ते बसवायचे कसे?

अंक मोजत बसू नका. लागतात त्या गोष्टी अशा: एक ओढ, वाढत जाणारे प्रयत्न, एक वळण, आणि पहिल्यापेक्षा वेगळं झालेलं शेवटचं चित्र. मोठ्या सिनेमात ओळख करून द्यायला साधारण पाव भाग देतात. शॉर्ट फिल्ममध्ये त्यासाठी दहावा हिस्साही पुष्कळ झाला. माटोळीची गोष्ट (प्रश्न ४) चार मिनिटांची धरून बघू.

पहिली पंचवीस सेकंदं: आजीचे हात माटोळी बांधतायत. एक आंबाडा उचलते, त्यावर डाग दिसतो, बाजूला ठेवते. दुसरा घेते. एक दोरी रिकामी लोंबतेय. नात त्या दोरीकडे बघते. इथे तीन गोष्टी झाल्या आणि एकही शब्द बोललेला नाही: काय हवंय ते कळलं, कोणाला हवंय ते कळलं, आणि आजीला डागाचं फळ चालत नाही हेही कळलं. तो आंबाडा उगाच आलेला नाही. शेवट त्याच्यावर उभा आहे.

पाऊण मिनिटापर्यंत ती वेलीपाशी पोचलेली हवी. वाटेत सुंदर गोवा दाखवायचा मोह होतो. आवरा. सव्वा मिनिटाला फळ आणि बुलबुल दोन्ही दिसतात. तिथून अडीच मिनिटांपर्यंत प्रयत्न. ते तीन असावेत आणि प्रत्येकाची किंमत वाढत जावी: पहिल्यात ती नुसती हात लांब करते, दुसऱ्यात दगडावर चढते आणि घसरते, तिसऱ्यात काटेरी झुडपात शिरते आणि हाताला ओरखडे येतात. हे ओरखडे लक्षात ठेवा.

अडीच मिनिटांना फळ हातात. आनंद. ती फळ फिरवते आणि चोचीची खूण दिसते. हे वळण. आतापर्यंत झगडा पाखराशी होता, इथून तो आजीच्या नियमाशी आणि स्वतःच्या मनाशी सुरू होतो. ती घरी येते, गुपचूप खूण भिंतीकडे करून फळ बांधते. सव्वातीन मिनिटांना आजी येते, फळ फिरवते, खूण बघते. मग तिला नातीचे हात दिसतात. आजी फळ पुन्हा फिरवते, या वेळी खूण समोर येईल असं.

या गोष्टीच्या पहिल्या खर्ड्यात हात ओरखडतच नाहीत, असं समजा. मग आजी का बदलली याला पडद्यावर कारण उरत नाही आणि शेवट गोड असूनही पटत नाही. शबरीची बोरं आपल्या सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यामुळे आजीची कृती कळते. पण ती *याच* संध्याकाळी का, याचं उत्तर चित्रातच हवं. रचना तपासताना प्रत्येक वळणापाशी हेच विचारा: कारण दिसलं का, आणि ते आधी पेरलं होतं का?

आणखी एक सोपी चाचणी. दोन प्रसंगांच्या मध्ये "आणि मग" येत असेल तर सांधा कच्चा आहे. "पण" किंवा "म्हणून" आला तर पक्का. कवंडळ नाही, *म्हणून* ती रानात जाते, *पण* तिथे बुलबुल आहे, *म्हणून* ती झगडते, *पण* फळ उष्टं निघतं.

६. शेवट सापडत नाही. काय करू?

शेवटचं चित्र आधी काढा, अगदी ओबडधोबड. मग पहिलं चित्र त्याच्या शेजारी ठेवा. दोन्हींत काय बदललं हे तिसऱ्या माणसाला न सांगता दिसलं पाहिजे. वरच्या गोष्टीत पहिल्यांदा रिकामी दोरी आहे, शेवटी चोच मारलेलं फळ तोऱ्यात समोर आहे. दोन चित्रं सारखीच वाटत असतील, तर गोष्ट हललेली नाही.

सगळं स्वप्न निघणं, पात्राने प्रेक्षकाकडे वळून शिकवण देणं, दोन्ही टाळा. आणि शेवटच्या चित्राला पडद्यावर श्वास घ्यायला तीन-चार सेकंद द्या. ते सेकंद प्रश्न ३ मधल्या बेरजेत धरलेले असू देत.

७. संवाद किती ठेवायचे? आम्हाला सवय नाटकाची आहे.

हा प्रश्न गोव्यात येणारच. इथल्या गावागावांत देवळाच्या उत्सवात मराठी नाटकं होतात आणि लिहिणारे बहुतेकजण त्या मांडवातून आलेले असतात. कानाला संवादाची उत्तम जाण ही मोठी कमाई आहे. पण रंगमंचावर शेवटच्या खुर्चीतल्या माणसाला चेहरा दिसत नाही, म्हणून सगळं बोलून सांगावं लागतं. पडद्यावर भुवई हलली तरी पोचतं.

त्यात बोलणं काढणं कष्टाचं असतं. आवाज आधी रेकॉर्ड होतो, मग कुठल्या फ्रेमला कुठला उच्चार येतो हे तक्त्यात भरून ओठ काढतात. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटावेच लागतात. "बाबा" म्हणताना ते मिटले नाहीत तर प्रेक्षकाला काहीतरी खटकतं, काय ते सांगता आलं नाही तरी. रेकॉर्डिंगनंतर वाक्य बदललं की हे सगळं पुन्हा.

उपाय असा: पहिल्या खर्ड्यात मनसोक्त संवाद लिहा. मग एकेक ओळ बोटाने झाकून वाचा. झाकल्यावरही प्रसंग कळत असेल तर ओळ जाते. माटोळीच्या गोष्टीत आधी असं होतं असं धरा:

आजी: अगं, किती भिजलीस! आणि हे काय, कवंडळाला चोच लागलीय? उष्टं कसं चालेल देवाला?
नात: आजी, दुसरं मिळालंच नाही गं. किती शोधलं मी!

झाकून वाचल्यावर उरतं ते असं:

आजी फळ फिरवते. चोचीची खूण. नात हात पाठीमागे लपवते. आजी तिचा हात पुढे ओढून घेते. कोपरापर्यंत ओरखडे. बाहेर पाऊस.
आजी: दाखव बघू दुसरा.

एकच ओळ उरली, पण आजीचा सगळा जीव त्या ओळीत आहे. उरलेल्या ओळी अशा निवडा की त्या माहिती देणार नाहीत, नातं दाखवतील.

८. मग निवेदक वापरला तर सोपं नाही का होणार?

ओठ काढावे लागत नाहीत म्हणून सोपं वाटतं. आपल्याला दशावतारातला सूत्रधार जवळचा आहे, तो मोहही असतो. अट एकच: निवेदकाने चित्रात नसलेलं सांगावं. चित्रात मुलगी चढतेय आणि आवाज म्हणतोय "ती चढू लागली", तर दोघांपैकी एक फुकट आहे. तीच नात आता म्हातारी होऊन आपलं लहानपण सांगतेय, असं काही असेल तर निवेदकाला जागा आहे.

९. कॅमेऱ्याचे अँगल, कट, क्लोज-अप हे पटकथेत लिहायचे का?

सहसा नाही. ते स्टोरीबोर्डचं, म्हणजे शॉटवार काढलेल्या कच्च्या चित्रांचं काम. त्याऐवजी प्रत्येक नवं चित्र नव्या ओळीवर लिहा. "चोचीची खूण." एवढी ओळ सुटी आली की जवळून दाखवायचंय हे बोर्ड काढणाऱ्याला न सांगता कळतं. मनातलं मात्र लिहू नका. "तिला आईची आठवण येते" याचं चित्र कसं काढायचं? काय बघून, काय करून येते, ते लिहा.

१०. मराठीत लिहायला कुठलं सॉफ्टवेअर? मांडणी कशी?

युनिकोड मराठीत लिहा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर अक्षरांचा खिचडा होत नाही. गूगल डॉक्स पुरतं. स्टोरीबोर्डसाठी स्टोरीबोर्डर, पुढच्या कामाला क्रिटा, ओपनटून्झ, ब्लेंडर ही सगळी फुकट मिळतात.

प्रसंगाच्या माथ्यावर जागा आणि वेळ: "बाहेर. कुळागर. तिन्हीसांज." खाली वर्तमानकाळात कृती. आवाजाची ओळ सुटी ठेवा: "आवाज: पागोळ्या. लांब कुठेतरी आरतीचे घुमट." (घुमट म्हणजे मातीच्या घटाला कातडं ताणून केलेलं गोव्याचं तालवाद्य.) ॲनिमेशनमध्ये आपोआप आलेला एकही आवाज नसतो, तो कोणीतरी ठरवून घालावा लागतो. म्हणून तो लिहिताना ठरलेला बरा.

११. पाऊस, गर्दी, समुद्र लिहिला की काम आवाक्याबाहेर जातं म्हणतात. मग गोव्याची गोष्ट लिहायची कशी?

लिहा, पण प्रेक्षकाला ते *कुठून* दिसतं हे ठरवून लिहा. तीन याद्या करा: पात्रं किती, जागा किती, अवघड गोष्टी किती. प्रत्येक पात्राचं आधी सगळ्या बाजूंनी रेखाटन करावं लागतं किंवा संगणकात त्याचा सांगाडा बसवावा लागतो. प्रत्येक नवी जागा म्हणजे नवं बॅकग्राउंड. चार मिनिटांच्या फिल्मला दोन पात्रं आणि तीन जागा भरपूर झाल्या.

पाऊस त्यामानाने गरीब आहे. काही फ्रेम्सचा पाऊस काढून तोच फिरवत वरून घालता येतो, बाकीचं काम आवाज करतो. कौलांवरचा, केळीच्या पानावरचा आणि छत्रीवरचा पाऊस वेगळा वाजतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

गर्दी महाग. नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्रीचा नरकासुर हवा असेल तर पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून लिहा: पायांचं रान, भिंतीवर सरकणारी प्रचंड सावली, ढोल, मध्येच पुठ्ठ्याचा एक हात. शंभर माणसं न काढता शंभर माणसांची मिरवणूक उभी राहते, आणि मुलाच्या भीतीसकट. खाजनातलं पाणी स्थिर ठेवा, त्यात आभाळ पडू दे, आणि मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी उचलली जाते तेवढ्याच वेळी ते हलू दे. मग त्या हलण्याला अर्थ येतो. अडचणीपोटी केलेली ही निवड कित्येकदा रचनेला फायद्याची ठरते, कारण प्रसंग कोणाच्या नजरेतून बघायचा हे आपसूक ठरतं.

एकाच जागी तीनदा परत या: सकाळी, पावसात, रात्री. बॅकग्राउंड तेच, रंग वेगळे, आणि बदल प्रेक्षकाच्या डोळ्यांत भरतो.

१२. स्टोरीबोर्ड सुरू झाल्यावर पटकथा बदलायची का?

बदलायलाच हवी. बोर्डची चित्रं ठरलेल्या वेळेनुसार, कच्च्या आवाजासकट एकामागोमाग लावली की ॲनिमॅटिक होतं. ते पटकथेचंच पुढचं रूप आहे. पात्रांना हलवण्याआधी फिल्म पूर्ण लांबीत बघायची ही शेवटची संधी.

ॲनिमॅटिक अशा माणसाला दाखवा ज्याने पटकथा वाचलेली नाही. मध्ये तोंड उघडू नका. संपल्यावर फक्त म्हणा, "गोष्ट सांग बघू." जिथे तो अडखळतो किंवा गाळतो, तिथे दुरुस्ती. "आवडली का" हे विचारू नका, ओळखीचा माणूस हो म्हणतो. दोन-तीन जणांनंतर लांबी कुलूपबंद करा. त्यानंतर शॉटच्या आत बदल चालतील, शॉटचा क्रम आणि सेकंद नाहीत.

१३. पात्रांनी कोकणी बोलायचं की मराठी?

घरात कोकणी बोलायची आणि वाचायचं, आरत्या म्हणायच्या त्या मराठीत, अशी गोव्यातली कितीतरी घरं आहेत. कृतीचं वर्णन तुम्हाला येतं त्या भाषेत लिहा, पात्राला त्याची बोली द्या. एकाच फिल्ममध्ये आजीने आरती मराठीत म्हणून नातीला कोकणीत हाक मारली तर ते खरंच आहे.

रचनेवर परिणाम होतो तो सबटायटलमुळे. वाचायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ डोळे चित्रावर नसतात. म्हणून महत्त्वाची कृती आणि महत्त्वाचं वाक्य एकाच क्षणी ठेवू नका. फिल्म दोन्ही भाषांत काढायची असेल तर बोलणाऱ्याचे ओठ समोरून, जवळून दाखवणं टाळा. पाठमोरं, लांबून किंवा ऐकणाऱ्याचा चेहरा. हे पटकथेतच ठरवा.

१४. राखणदार, देवचार यांच्यावर फिल्म करायची आहे. काय सांभाळायचं?

दोन गोष्टी. पहिली रचनेची. राखणदार किंवा देवचार गावाची सीमा सांभाळतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो. पण असा समर्थ कोणी गोष्टीत आला की अडचण चुटकीसरशी सुटते आणि नायकाला कामच उरत नाही. त्याला अडचण निर्माण करू दे, वाट दाखवू दे, परीक्षा घेऊ दे. सोडवणूक माणसाकडूनच व्हावी.

दुसरी श्रद्धेची. ज्या गावची कथा आहे तिथल्या जाणत्यांना विचारा, कारण प्रत्येक गावचा राखणदार वेगळा आणि तिथली माणसं त्याला आजही मानतात, रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) ठेवतात. चेहरा न दाखवता काठीचा आवाज, पायरव, उजेड यांतून तो आणला तर श्रद्धाही राखली जाते आणि चित्रही जास्त प्रभावी होतं.

१५. छापील कथेवरून पटकथा केली तर परवानगी लागते का? आणि माझी कल्पना कोणी चोरली तर?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ही ६० वर्षं मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. म्हणजे १९६० मध्ये वारलेल्या लेखकाचं लेखन २०२१ च्या पहिल्या दिवशी मोकळं झालं. अजून मुदतीत असलेलं काही घ्यायचं तर हक्कधारकाची लेखी परवानगी हवी, आणि ती चित्रं काढण्याआधी. लोककथा कोणा एकाची नसते, पण एखाद्या लेखकाने तिला दिलेलं रूप त्याचं असतं.

नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही, लिहिलेल्या मांडणीवर येतो. पटकथा पूर्ण लिहा. नोंदणी सक्तीची नाही, पण मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद होऊन ती करून ठेवता येते.

१६. एका संस्थेला जनजागृतीची दोन मिनिटांची फिल्म हवी आहे. संदेश कुठे घालायचा?

संदेश अडचणीत घाला. प्लास्टिक टाकू नका हे सांगायचंय, तर प्लास्टिकमुळे कोणाचं नेमकं काय अडलं ते दाखवा आणि त्याची धडपड दाखवा. संस्थेला वाक्य हवंच असेल तर ते श्रेयनामावलीच्या आधी अक्षरांत येऊ द्या, पात्राच्या तोंडी नको. हे काम घेतानाच बोलून घ्या.

१७. माझ्या फिल्ममध्ये गोष्टच नाही. घुमटाच्या तालावर आकार आणि रंग हलणार. तिला पटकथा कसली?

तिला प्रश्न ५ लागू नाही, पण रचना हवीच, नाहीतर चाळीस सेकंदांनंतर डोळे थकतात. इथे कथेची जागा लय घेते. आधी वादन रेकॉर्ड करा. मग ठोके फ्रेम्समध्ये मोजा: मिनिटाला १२० ठोके असतील तर प्रत्येक ठोका १२ फ्रेम्सचा, ९६ असतील तर १५, ९० असतील तर १६. १०० ठोक्यांना १४.४ फ्रेम्स येतात आणि चित्र हळूहळू तालातून सरकतं. जिवंत वादक घड्याळासारखा वाजवत नाही, आरतीत तर लय चढत जाते. त्यामुळे गणितावर विसंबू नका, ठोक्यांच्या खुणा प्रत्यक्ष ट्रॅकवर करा.

मग पानभर लिहा: कुठला आकार कुठल्या बोलाला बांधलाय, तो किती वेळा परततो, दरवेळी त्यात काय वाढतं, आणि कुठे सगळं थांबतं. ताल चालू असताना चित्र दोन सेकंद स्तब्ध झालं तर अंगावर काटा येतो. तसा क्षण एकच ठेवा.

१८. मी एकटीच सगळं करतेय. पटकथा न लिहिता थेट स्टोरीबोर्ड काढला तर?

चालेल. चित्रातून विचार करणाऱ्यांना ते सोयीचंही जातं. पण दोन गोष्टी सोडू नका: प्रश्न ४ मधलं एक वाक्य, आणि दहा-बारा चिठ्ठ्या, प्रत्येकीवर एक घटना. चिठ्ठ्या जमिनीवर मांडून एकेक उचलून बघा. उचललेली चिठ्ठी कोणाला जाणवली नाही, तर ती घटना काढायची नाही.

१९. अर्धी फिल्म करून झाली आणि आता कळतंय की मधला भाग जमलेला नाही. पुन्हा पहिल्यापासून करू का?

नको. तयार शॉट्सची यादी करा, सेकंदांसकट, आणि ते तयार असलेलं साहित्य समजून त्यांच्यापुरती नवी पटकथा लिहा. आधी फक्त कापून बघा, कारण मध्यभाग बहुतेक वेळा अपुरा नसतो, लांबलेला असतो. मग क्रम बदलून बघा. मग आवाज: पात्राने मान वळवलेली आहे, कशाकडे वळवली ते पडद्याबाहेरचा आवाज बदलून वेगळं करता येतं. हाक आली तर ती ओढ होते, फांदी मोडली तर भीती. स्तब्ध चित्र चार-पाच सेकंद जास्त धरूनही एखादं कारण पोचतं.

हे सगळं करूनही भोक राहिलंच, तर नेमका कुठला एक शॉट नसल्यामुळे गोष्ट तुटते ते शोधा. माटोळीच्या गोष्टीत तो ओरखडलेल्या हाताचा असता: तीन सेकंद, ३६ चित्रं, प्रश्न १ मधल्या हिशेबाने दोन दिवसांचं काम. तेवढंच काढा, बाकीचं आहे तसं राहू द्या.